मानपत्रातले एक वर्ष

आमच्या महाविद्यालयात कोणाचाही सत्कार ठरला की मानपत्र मी लिहायचे, हा रिवाज गेली वीस वर्षे चालत आला आहे. मी शिकवतो रसायनशास्त्र. परंतु माझे अक्षर बरे आहे आणि माझी वाक्ये लांब असली तरी मध्येच तुटत नाहीत, एवढ्याच भांडवलावर नांदेडच्या या महाविद्यालयाने मला हे काम कायमचे देऊन टाकले. निवृत्त होणारे ग्रंथपाल, संस्थेचे पदाधिकारी, नव्याने पीएच.डी. मिळवलेले सहकारी, अशा कितीतरी जणांना मी आजवर ‘ऋजू’, ‘व्यासंगी’ आणि ‘कर्तव्यतत्पर’ ठरवले आहे. त्यांपैकी काहींना मी धड ओळखतही नव्हतो. मानपत्र लिहिण्यासाठी ओळख लागत नाही, अशी माझी समजूत होती.

यंदा सत्कार ठरला तो एका विद्यार्थिनीचा. विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली ही मुलगी आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. हा संघ पूर्वी स्पर्धेला सकाळी जायचा आणि पहिलाच सामना हरून दुपारच्या जेवणाला परत यायचा. मेसवाल्यांना ते इतके पाठ झाले होते की ते मुलींची भाजी काढून ठेवत. यंदा तो संघ जिल्ह्यात पहिला आला, पुढे सरकत सरकत विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि या मुलीची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले, “सर, असा हंगाम या कॉलेजात कोणी पाहिलेला नाही. मानपत्र तुमच्या नेहमीच्या ताकदीचं पाहिजे.”

मी ‘हो’ म्हणालो आणि खोलीबाहेर येऊन जिन्यात काही वेळ उभा राहिलो. कारण या मुलीच्या आयुष्यातले खेळाचे एक पूर्ण वर्ष माझ्यामुळे वाया गेले होते, आणि ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती.

झाले होते ते असे. ती प्रथम वर्षाला असताना मी तिचा वर्गशिक्षक होतो. सरावामुळे पहिल्या काही आठवड्यांतच तिची हजेरी कमी पडत होती. मी तिला एकदाही समोर बसवून विचारले नाही. सरळ प्रवेश अर्जावरच्या क्रमांकावर फोन करून तिच्या आईला बोलावून घेतले. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. ती बाई पहाटेची बस धरून आली आणि माझे प्रॅक्टिकल संपेपर्यंत प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. मी बाहेर आलो, तिला बसा म्हणालो नाही आणि उभ्या उभ्याच सांगितले, की मुलीला शिकायला पाठवले आहे की खेळायला ते ठरवा. अर्धी चड्डी घालून गावोगाव फिरणे बरे दिसत नाही. उद्या काही कमी-जास्त झाले तर कॉलेजला बोल लावू नका. ती म्हणाली, “बरं सर.” आणि गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून मुलगी मैदानावर दिसेनाशी झाली. आमच्या क्रीडा संचालकांनी स्टाफरूममध्ये हळहळत सांगितले, “हातातोंडाशी आलेली पोरगी गेली हो. आई नको म्हणती म्हणे.” मी तेव्हा तिथेच बसून पेपर तपासत होतो. मान वर केली नाही. आईला बोलावणे ही घाईत झालेली चूक म्हणता येईल. पण ती मान खाली ठेवणे ही चूक नव्हती, तो मी केलेला निर्णय होता.

पुढे आणखी एक प्रश्न मला छळू लागला. माझे गाव निलंग्याकडचे. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांपैकी एखाद्या बागायतदाराची मुलगी अशी वर्गात गैरहजर राहिली असती, तर मी तिच्या बापाला असा फोन केला असता का? केलाच असता, तर खुर्ची दिली असती, चहा मागवला असता, आवाज खाली ठेवला असता. एका बौद्ध वस्तीतून आलेल्या, चूल फुंकणाऱ्या बाईला मी उभे ठेवले, कारण तिला उभे ठेवता येते हे मला न शिकवता ठाऊक होते. या उत्तराशी मी अजून पुरता समेट केलेला नाही.

वर्षभराने ती मुलगी सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली आणि आईला म्हणाली, “पास झाले, आता खेळू दे.” आईने खेळू दिले. एवढीच तिच्या परतण्याची कथा मला माहीत होती.

तर मी मानपत्र लिहायला बसलो. सवयीचा हात, अर्ध्या तासात पानभर मजकूर झाला. तो मी माहिती तपासून घ्यायला क्रीडा संचालकांकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

“सर, लई भारी. फक्त नाव बदला, हेच ग्रंथपालांना बी चालतंय.”

“म्हणजे?”

“‘संयमी, मितभाषी, अखंड साधनारत.’ ग्रंथपालच की हे! सर, तुम्ही तिचा एक तरी सामना बघितलाय का?”

मी पाहिला नव्हता.

“रविवारी लातूरला फायनल हाय. सकाळची बस. डबा घेऊन या, मानपत्र मात्र घरीच ठेवा.”

लातूर माझ्या परिचयाचे शहर; माझे पदवीचे शिक्षण तिथेच झाले. परंतु त्या रविवारी त्या मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायरीवर बसताना मी अगदी नवखा होतो. नियम मला येत नव्हते. क्रीडा संचालकांनी बसमध्ये शिकवलेले अर्धे अहमदपूरच्या थांब्यावर चहासोबत गेले. तरीही मी पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो आणि चेंडू जाळीतून खाली पडला की टाळ्या वाजवू लागलो. मध्यंतर झाले. मध्यंतरानंतर पुन्हा चेंडू जाळीत पडला, मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा क्रीडा संचालकांनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवले.

“सर, बाजू बदलली! तो बास्केट आता आपल्यावर झालाय!”

मागच्या पायऱ्यांवर हशा पिकला.

पण मला त्या दिवशी खरा धक्का बसला तो तिच्या आवाजाने. वर्गात ही मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. तोंडी परीक्षेत तिचे उत्तर ऐकायला मला टेबलावर वाकावे लागते. ‘मितभाषी’ हा शब्द मी लिहिला तो उगीच नव्हे. आणि इथे, अंगाने सर्वांत लहान असलेली ती मैदानाच्या मधोमध उभी राहून सलग बोलत होती. “अगं, मागं बघ, मागं हाय! सोडू नको तिला! हां, आता सरक, सरक की गं!” मधूनच “रेंडू! रेंडू!” असे ओरडायची आणि चार मुली चार दिशांना पळायच्या.

“हे काय?” मी विचारले.

“तेलुगू आकडे. तिच्या गावच्या बाजाराला देगलूरकडचे व्यापारी येतात, तिथं शिकली. प्रत्येक चालीला एक आकडा. लातूरच्या पोरींना काय घंटा कळंना.”

कुंपणावर बसलेल्या स्थानिक मुलांपैकी एकाने हाक दिली, “ए बुटके, चेंडूपर्यंत हात तरी पुरतोय का?” तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढचा चेंडू हातात आला, तशी ती डावीकडे पळाली, डावीकडेच पाहत राहिली आणि चेंडू मात्र उजवीकडे दिला, जिथे तिची एक सहकारी एकटी उभी होती. बास्केट झाला. तोच मुलगा म्हणाला, “आयला, हिला कानामागं डोळे हायेत का काय!” आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत तो आमच्या बाजूने ओरडत होता.

आम्ही जिंकलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सगळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, क्रीडा संचालकांनी मला मिठी मारली आणि मीही, माझ्या वयाला व हुद्द्याला न शोभेल असे काहीतरी ओरडलो. परतताना मी बसच्या खिडकीशी जाऊन बसलो. मागे मुली गात होत्या. हा आवाज एक वर्ष बंद होता, हे मला तोवर केवळ समजलेले होते. त्या दिवशी ते ऐकू आले.

सोमवारी मी जुने पान फाडून नवे लिहायला घेतले. मंगळवारी क्रीडा संचालक चिंताग्रस्त चेहऱ्याने आले. सत्कार शनिवारी दुपारी होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“पोरगी म्हणती, आई आली तरच सत्कार घेते. आणि आई म्हणती, त्या कॉलेजात पाय ठेवनार न्हाई. मी फोन केला, तर ‘बघू’ म्हणून ठेवून दिला. बाईला कशाचा राग हाय काय माहीत.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. आणि त्यांना सगळे सांगितले.

ते एवढेच म्हणाले, “मग तुम्हीच जा.”

बुधवारी मी गेलो. मुखेडला उतरून पुढे रिक्षाने. वाटेत क्षमेची वाक्ये मनात जुळवत होतो. वीस वर्षांच्या सवयीने ती सुबक जुळतही होती. शाळेच्या मागच्या शेडमध्ये मुलीची आई मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. मला पाहताच तिने ओळखले. पदराला हात पुसले.

“जयभीम सर. इकडं कुनीकडं?”

“जयभीम, ताई. माझं चुकलं,” मी म्हणालो. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवले नाही.

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, “बसा तिथं. आदी लेकरं जेवू द्या.”

मी ओट्यावर बसलो. मुलांच्या पंगती उठेपर्यंत तास गेला. ती मला मुद्दाम थांबवत नव्हती. मुलांची भूक खरी होती. मी तिला थांबवले होते तेव्हा माझ्याजवळ असले कोणतेही कारण नव्हते. शेवटी ती ताटलीत खिचडी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली आणि शेजारच्या दगडावर बसली.

“रविवारी बघितलं मी तुमास्नी,” ती म्हणाली.

“मला? कुठे?”

तिने कमरेचा, काचेला तडा गेलेला फोन काढला. “पोरी लाइव्ह लावत्यात की. सगळी गल्ली बसती माझ्या घरात. पांढरा शर्ट. समोरच्यांनी बास्केट टाकला, आन् हे उठून टाळ्या वाजवायलेत! माझी जाऊ म्हनली, अगं ह्यो मानूस कुनाकडनं हाय?” आणि ती हसू लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मलाही हसू आले. पुढची दहा मिनिटे तिने मला बाजू का बदलतात, पाय कधी उचलायचा नसतो आणि आपल्या मुलीवर चौथा फाऊल कसा चुकीचा दिला गेला, ते समजावून सांगितले. ती कधीही मैदानावर गेलेली नव्हती. तिने सगळा खेळ त्या तडा गेलेल्या काचेतून शिकला होता.

मग तिचा चेहरा बदलला.

“सर, तिला मी तुमचं सांगितलं न्हाई. गुरुजीबद्दल पोरीच्या मनात वाईट येऊ नये. मी म्हनलं, मला कामाला जोड पाहिजे, तू सुट्टीची घरी येत जा, खेळ बंद. लई भांडली. महिनाभर बोलली न्हाई माझ्यासंगं. अजून कधी कधी म्हनती, तू माझं एक साल खाल्लंस. म्हनून नको वाटतंय तिथं यायला. तिथं आले, तुमी समोर दिसलात, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं तर?”

मी खिशातून मानपत्राचा कागद काढला. तिने विचारले, “काय लिव्हलंय तिच्यावर? वाचा बरं.”

मी मानपत्र वाचले. आवाज, तेलुगू आकडे, उजवीकडे गेलेला चेंडू ऐकताना ती मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, “चांगलं हाय. पन एक चुकलंय. तुमी लिव्हलंय, तीन सालांच्या मेहनतीनं. तीन न्हाई, दोन. एक साल तिला मैदानच न्हवतं. लोकांनी म्हनू नये, तीन साल लागले हिला. दोन सालात केलंय पोरीनं. ते लिव्हा.”

“आणि तिसरं का गेलं, तेही लिहितो,” मी म्हणालो.

“तुमची शोभा कशाला?”

“शोभा माझीच व्हायला पाहिजे, ताई. आजवर ती तुमची झाली.”

ती उठली, माझी रिकामी ताटली उचलली. “मग येते,” म्हणाली.

प्राचार्यांना ते वाक्य आवडले नाही. “मानपत्र म्हणजे गौरव, सर. त्यात कबुली कुठून आली?” मी नम्रपणे म्हणालो की हे वाक्य काढायचे असेल तर लिहिणाराही बदलावा लागेल. माझ्याकडून असे उत्तर त्यांनी कधी ऐकले नव्हते. मीही ऐकले नव्हते. त्यांनी कागद परत दिला आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “घ्या, तुमच्या जबाबदारीवर.”

शनिवारी सभागृह भरले होते. व्यासपीठावरच्या पाहुण्यांचे एकमेकांनी केलेले सत्कार आटोपायला पाऊण तास लागला, तोवर सत्कारमूर्ती गुलाबी फेटा सावरत कडेच्या खुर्चीत बसून होती आणि तिच्या संघातल्या मुली मागून कुजबुजत होत्या, “आक्का, झोपू नको गं, तुझा नंबर यायलाय.” आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, ताठ बसलेली.

माझे नाव पुकारले गेले. मी वाचू लागलो. खेळाचे वर्णन आले तेव्हा हशा आणि टाळ्या दोन्ही झाल्या. मग ते वाक्य आले:

“या महाविद्यालयातील तुझ्या पहिल्या वर्षी तू मैदानावर नव्हतीस. तुझ्या आईला येथे बोलावून, बसायलाही न सांगता, मुलीचे खेळणे थांबवा असे सांगणारा शिक्षक मी आहे. तुझ्या आईने तो दोष स्वतःकडे घेतला आणि खरे कारण आजवर तुला सांगितले नाही. म्हणून आज आम्ही ज्या यशाचा गौरव करीत आहोत ते तीन वर्षांचे नसून दोनच वर्षांचे आहे.”

मी कागदावरून नजर उचलली. मुलगी माझ्याकडे पाहत होती. राग येण्याच्या आधीचे, गोष्ट पुरती समजून घेणारे ते पाहणे होते. मग ती उठली आणि माझ्याकडे न येता पायऱ्या उतरून आईपुढे जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. पण पहिल्या चार रांगांनी सगळे ऐकले.

“तू म्हनली होतीस, कामाला जोड पाहिजे म्हनून.”

“पाहिजेच होती की.”

“मी किती बोलले तुला, आई.”

“बोललीस तवा बरं वाटायचं. बोलली न्हाईस त्यो महिना वाईट गेला.” मग मुलीचे डोळे भरलेले पाहून तिने तिचा फेटा नीट केला. “आता रडू नको. रंग उतरंल ह्याचा, ड्रेस नवा हाय.”

आधी पहिली रांग हसली, मग तिच्या मागची, आणि मग सगळ्या सभागृहाने अशा टाळ्या वाजवल्या की प्राचार्यांनाही उभे राहावे लागले. क्रीडा संचालकांनी आईला हाताला धरून वर आणले. शाल मुलीला द्यायची होती. तिने ती आईच्या खांद्यावर टाकली. मी मानपत्राची चौकट पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि हळूच, पण वर्गात बोलते त्याहून पुष्कळ स्पष्ट, म्हणाली,

“सर, मला राग आलाय.”

“यायलाच हवा.”

“पन आज काढनार न्हाई. आज लई चांगला दिस हाय.”

“सवडीने काढ,” मी म्हणालो. ती हसली नाही, पण मान हलवली.

संध्याकाळी मुखेडच्या बसला आईला सोडायला मी, मुलगी आणि क्रीडा संचालक असे आम्ही तिघेही बसस्थानकावर गेलो. तिने खिडकीची जागा धरली आणि चौकट शेजारच्या आसनावर उभी करून ठेवली. वाहक तिकिटे फाडत आला.

“मावशी, ह्येला बसायला जागा लागती व्हय? मांडीवर घ्या की.”

“मांडीवर न्हाई घेत. आदी वाच काय लिव्हलंय, मग सांग जागा द्यायची का न्हाई.”

वाहक तरुण होता आणि बस सुटायला वेळ होता. त्याने चौकट उचलली आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागला. मागचे प्रवासी पुढे झुकले. तेलुगू आकडे आले तसा एक म्हातारा म्हणाला, “शाब्बास, आमच्या देगलूरची चाल!” वाहक वाचत वाचत त्या वाक्यापाशी आला, अडखळला, आणि तरीही ते त्याने पूर्ण वाचले. बसमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी विचारले, “असं कोन लिव्हतंय सोताबद्दल? कोन म्हनायचे ते सर?”

आईने खिडकीतून बोट दाखवले. “हे काय, खाली उभे हायेत. पांढरा शर्ट.”

त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून माणसे वाकून माझ्याकडे पाहू लागली. काहींच्या चेहऱ्यावर नापसंती होती, काहींच्या नुसते कुतूहल. म्हाताऱ्याने मला हात जोडले. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी, फेटा अजून डोक्यावरच असलेली, आता मात्र मोठ्याने हसत होती. लपण्यासारखी जागा नव्हती आणि लपावेसे वाटतही नव्हते. मी सगळ्या खिडक्यांना मिळून एकदाच नमस्कार केला. चालकाने बस मागे घेतली तेव्हाही ती माणसे पाहतच होती.